मोठे नाणे म्हणजे जास्त पैसे, असे मानणाऱ्या मुलांना नाण्यांची किंमत कशी शिकवावी?

अंगणवाडीताई (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका म्हणून काम करते. माझ्याकडे तीन ते सहा वर्षे वयाची एकवीस मुले येतात आणि त्यांपैकी आठ मुले येत्या जूनमध्ये पहिलीत जातील. माझा प्रश्न या आठ मुलांविषयी आहे.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल घेऊन घरोघरी फिरल्यावर जो बोजारा मिळाला, तो ही मुले दुसऱ्या दिवशी मुठीत धरूनच अंगणवाडीत आली. एका मुलाजवळ दहा रुपयांचे एकच नाणे होते आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीजवळ एक-एक रुपयाची चार नाणी होती. मुलाने दहाचे नाणे देऊन तिची चारही नाणी घेतली आणि दोघेही आनंदात राहिली. त्याला एकाच्या बदल्यात चार मिळाली होती आणि तिला पिवळ्या कडेचे चकचकीत नाणे मिळाले होते. संध्याकाळी मुलाची आजी माझ्याकडे आली. ती भांडायला आली नव्हती, परंतु "ताई, पोरगा वीसपर्यंत घडाघडा मोजते आणि त्याला दहा रुपये कळत नाहीत, हे कसं?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर मी आठही मुलांसमोर एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी ठेवून सर्वांत मोठे कोणते, असे विचारले. सहा मुलांनी दोनच्या नाण्यावर बोट ठेवले, कारण मी ठेवलेले दोनचे नाणे पाचच्या नाण्यापेक्षा खरोखरच रुंद होते. नाण्यांची नावे मुलांना येतात, पण "पाच" हे त्यांच्या दृष्टीने त्या नाण्याचे केवळ नाव आहे, जसे एखाद्या बैलाचे नाव राजा असते. त्या एका नाण्यात पाच रुपये सामावले आहेत, हे त्यांना पटत नाही. आमच्या खेळण्यांच्या पेटीत प्लॅस्टिकची नाणी आहेत, परंतु मुले त्यांना पैसे मानतच नाहीत आणि ती चुलीजवळच्या भांड्यांत भाजी म्हणून शिजवायला घेतात. खरी नाणी वापरावीत की नाही, कोणत्या नाण्यापासून सुरुवात करावी आणि या वयात ही अपेक्षा मुळात योग्य आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त गुरुजी (मंगरूळपीर, जि. वाशिम)

ताई, प्रथम त्या मुलाची बाजू घेतो. त्याने मोजूनच व्यवहार केला. त्याने नाणी मोजली आणि चार हे एकापेक्षा जास्त आहेत, हे त्याचे गणित अचूक होते. आपण त्याला आजवर वस्तू मोजायला शिकवले आहे, वस्तूची किंमत मोजायला शिकवलेले नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांसमोर सारख्याच संख्येच्या सोंगट्यांच्या दोन रांगा मांडल्या आणि मुलांच्या देखत एक रांग पसरवून लांब केली, तेव्हा सहा-सात वर्षांच्या आतील बहुतेक मुले लांब रांगेत जास्त सोंगट्या आहेत असे म्हणाली. डोळ्यांना जे जास्त दिसते ते जास्त, हा त्या वयाचा न्यायच आहे. म्हणून आजीबाईंना सांगा की पोरगा मागे पडलेला नाही.

दुसरा दोष मुलांकडे नसून नाण्यांकडे आहे. तुमच्या हातातील दोनचे नाणे बहुधा २०११ च्या मालिकेतील असावे. त्या मालिकेत दोन रुपयांच्या नाण्याचा व्यास २५ मिलिमीटर आणि पाच रुपयांच्या नाण्याचा व्यास २३ मिलिमीटर आहे. २०१९ च्या मालिकेत हे नेमके उलटले आणि दोनचे नाणे २३ मिलिमीटरचे, तर पाचचे २५ मिलिमीटरचे झाले. आज गल्ल्यात दोन्ही मालिका एकत्र असतात, त्यामुळे जुने दोन आणि नवे पाच, तसेच जुने पाच आणि नवे दोन एकमेकांवर ठेवले तर कडा तंतोतंत जुळतात. अशा परिस्थितीत आकारावरून किंमत ओळखायला शिकवले, तर ते शिकवणे बाजारात पहिल्याच दिवशी खोटे ठरेल. रंग त्यातल्या त्यात बरा आधार देतो, कारण हल्लीचे पाचचे नाणे पिवळसर आणि एक व दोनची पोलादी पांढरी असतात. पण जुने जाड पाच, ज्याला आपल्याकडे ठोकळा म्हणतात, तेही पांढरेच आहे आणि अधूनमधून अजून हाती येते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती आपल्या भाषेतील आहे. तुम्ही मुलांना "सर्वांत मोठे कोणते" असे विचारले. मराठीत मोठा हा शब्द रुंदीलाही लागतो आणि किमतीलाही लागतो. मोठी नोट म्हणताना आपण कागदाची लांबी सांगत नसतो, हे मोठ्यांना कळते, मुलांना कळत नाही. त्या सहा मुलांनी तुमच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले आहे. यापुढे नाण्यांच्या बाबतीत मोठे-लहान हे शब्द काही महिने वापरूच नका. "याला किती चिंचोके येतात?" असे विचारा.

माझी पद्धत चिंचोक्यांचीच होती. वर्गात टोपलीभर चिंचोके घेऊन मी दुकान मांडत असे. एक रुपयाच्या नाण्याला एक चिंचोका, दोनच्या नाण्याला दोन आणि पाचच्या नाण्याला पाच, एवढाच नियम असे. मूल पाचचे नाणे देई आणि पाच चिंचोके एका ओळीत मांडून घेई, नंतर पाच चिंचोके परत देऊन नाणे सोडवून नेई. हे जाणे-येणे दररोज दहा मिनिटे, किमान दोन आठवडे चालले पाहिजे. त्यानंतर एके दिवशी चिंचोक्यांच्या जागी एक-एक रुपयाची पाच नाणी मांडावीत. ज्या मुलाच्या हातातून पाच चिंचोके अनेकदा गेले-आले आहेत, त्याला एका नाण्याच्या बदल्यात पाच नाणी देण्यात काही नवल वाटत नाही. सुरुवात एक आणि पाच या दोनच नाण्यांनी करावी, कारण पाचला आपल्या हाताची पाच बोटे साक्ष असतात आणि रंगातील फरक पहिल्याच नजरेत दिसतो. दोनचे नाणे त्यानंतर आणावे. दहाचे नाणे पाचची मोड पक्की होईपर्यंत पेटीतच राहू द्यावे आणि वीसचे पहिलीत गेल्यावर पाहावे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. नाण्यांवरचा आकडा देवनागरी नसतो. मराठी माध्यमाच्या मुलाने पाटीवर गिरवलेला पाच आणि नाण्यावरचा पाच यांचे वळण वेगळे आहे आणि एक या आकड्याचेही तसेच आहे. माझ्या वर्गातील काही मुले केवळ या कारणाने अडत आणि आपण समजत असू की त्यांना किंमत कळत नाही. जाड पुठ्ठ्याच्या चौकोनावर दोन्ही वळणांचे आकडे शेजारी-शेजारी लिहावेत, खाली तितके ठिपके काढावेत आणि नाणे त्यावर ठेवायला सांगावे. कागदाखाली नाणे ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी घासली की आकडा उमटतो, हा उद्योग मुलांना फार आवडतो आणि ती आकडा लक्षपूर्वक पाहू लागतात.

नाणी खरीच वापरावीत. शंभर रुपयांची चिल्लर वर्षभर पुरते. मात्र ती साबणाच्या पाण्यातून काढावीत, आरंभी आणि शेवटी मोजावीत आणि तीन वर्षांच्या आसपासची मुले त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतलेली असावीत, कारण त्या वयात नाणे तोंडात जायला क्षणही लागत नाही. एखाद्याने गिळलेच तर केळे, भात असले घरगुती उपाय करीत न बसता त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

किराणावाल्या काकू (साकोली तालुका, जि. भंडारा)

गुरुजींनी शाळेकडून सांगितले, मी दुकानाकडून सांगते. माझे किराणा दुकान शाळेच्या वाटेवर आहे आणि दिवसभरात वीस-पंचवीस मुले तरी येऊन जातात. कोणते मूल पैसे ओळखते, हे मला ते दुकानात पाऊल टाकते तेव्हाच कळते. ज्याला कळते ते मूठ उघडून पैसे फळीवर मांडते आणि ज्याला कळत नाही ते सगळी मूठ माझ्यापुढे धरते आणि किती घ्यायचे ते माझ्यावर सोडते. या दुसऱ्या मुलांच्या मुठीतून मी स्वतः पैसे उचलत नाही. पुडा पाच रुपयांचा असेल तर मी "पाच" म्हणते आणि थांबते, मागे गिऱ्हाईक उभे असले तरी थांबते.

आयांना माझे एक मागणे आहे. मुलाला दुकानात पाठवताना सुरुवातीला वस्तूच्या किमतीइतकेच पैसे द्या आणि तेही एकदा एका नाण्यात, एकदा सुट्या नाण्यांत द्या. आज पाचचे एक नाणे, उद्या दोन दोनची दोन आणि एकचे एक. पुडा तोच मिळतो, हे मुलाच्या लक्षात येऊ लागते. परत पैसे घेण्याची भानगड त्यानंतर फार महिन्यांनी आणावी. पुष्कळ घरांतून पाच वर्षांच्या मुलाच्या हाती वीसची नोट देऊन "बाकीचे आण" असे सांगितले जाते; ते मूल बाकीचे पैसे हातात येताच पळत सुटते आणि अर्धे वाटेत सांडते.

आम्ही दुकानदारही चुकतो, हे मान्य केले पाहिजे. चिल्लर नाही म्हणून रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवण्याची रीत आहे. मुलाला मग रुपया आणि गोळी एकच वाटते. मी मुलांच्या बाबतीत हे बंद केले आहे आणि त्यासाठी एका डब्यात एक-एकची नाणी वेगळी ठेवते.

दहाच्या नाण्याविषयीही लिहिते, कारण आमच्या बाजारात ते काही काळ कोणी घेत नव्हते. रेघा दहा असल्या तर खरे आणि पंधरा असल्या तर खोटे, रुपयाची खूण नसेल तर बनावट, अशी अफवा होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. रुपयाचे चिन्हच २०१० मध्ये ठरले, मग त्याआधीच्या नाण्यावर ते कोठून असणार? मोठी माणसेच नाणे नाकारू लागली तर मुलाने त्याची किंमत काय शिकावी?

एका मुलीचे बाबा (वरूड तालुका, जि. अमरावती)

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. तिला नाणी शिकवताना आम्हाला जे उमगले, ते ताईंच्या मुलांनाही उपयोगी पडेल, असे वाटते म्हणून लिहितो.

२०१९ ची मालिका दृष्टिहीनांची सोय ध्यानात घेऊनच काढलेली आहे. एक, दोन, पाच आणि दहा यांचे व्यास अनुक्रमे २०, २३, २५ आणि २७ मिलिमीटर असून किंमत वाढते तसे वजनही वाढते. वीसचे नाणे दहाइतकेच, म्हणजे २७ मिलिमीटरचे आहे, परंतु त्याची कड गोल नसून बारा बाजूंची आहे आणि अंगठा फिरवताच ते कळते. या दोघांचे रंगही उलटे आहेत, असे मी तिला सांगतो, म्हणजे दहाची कड पिवळी व मध्य पांढरा, तर वीसची कड पांढरी आणि मध्य पिवळा. तिला त्याचा उपयोग नाही, पण तिने विचारले होते. आम्ही संत्र्याच्या हंगामात मजुरीसाठी आणलेल्या चिल्लरमधून फक्त २०१९ नंतरची नाणी वेचून तिच्यासाठी एक पिशवी केली आणि तिच्यावर ती आठ दिवसांत तरबेज झाली.

तथापि गुरुजी म्हणतात तीच अडचण आमच्यापुढे आली. बाजारात जुनी नाणी मिसळली की तिचा अंदाज चुकू लागला. म्हणून आम्ही दुसरी पिशवी मिसळ नाण्यांची केली आणि त्यांत ती आता काठाची जाडी आणि नाणे फरशीवर पडल्याचा आवाज यांवर भर देते. ताईंनी पहिले काही आठवडे एकाच मालिकेची नाणी वापरावीत आणि ओळख पक्की झाल्यावर जाणीवपूर्वक जुनी नाणी मिसळावीत, अशी माझी सूचना आहे. पोत्याच्या तुकड्याची पिशवी शिवून तिच्यात हात घालून "पाच काढ" असे सांगण्याचा खेळ डोळस मुलांनाही तितकाच आवडतो. माझा धाकटा मुलगा तिच्याकडून हरतो.

एक पालक (देवळी, जि. वर्धा)

सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, परंतु माझे मत वेगळे आहे. पाच वर्षांच्या मुलाला पैशांची किंमत कळण्याची एवढी घाई का असावी? आमच्या लहानपणी बोजारा म्हणून लाह्या, फुटाणे, फार तर पेढा मिळत असे. आता प्रत्येक घरातून नाणी मिळतात आणि मुले ओट्यावर बसून कोणाचे किती झाले याची तुलना करतात. शिवाय दहा वर्षांनी नाणी तरी उरतील का? आमच्या गावच्या पानठेल्यावरही आता फोन दाखवून पैसे दिले जातात आणि पैसे जमा झाल्याचे डबा बोलून सांगतो.

निवृत्त गुरुजी (मंगरूळपीर, जि. वाशिम)

दादा, तुलनेविषयीची तुमची खंत मलाही आहे आणि बोजाऱ्याला फुटाणे परत आले तर मला आनंदच होईल. परंतु फोनच्या मुद्द्यावरून मी उलट निष्कर्ष काढतो. जे मूल फोन डब्यासमोर धरलेला पाहते आणि वस्तू हाती आलेली पाहते, त्याला मधे काही दिले गेले हे दिसतच नाही. नाणे हातातून जाते आणि मूठ रिकामी होते. दिले म्हणजे कमी झाले, हे वजाबाकीचे पहिले ज्ञान त्या रिकाम्या मुठीत आहे. पैशांचा लोभ नाणे ओळखल्याने येत नाही. ज्याला दहा आणि चार यांतील भेद कळत नाही, तो लोभी नसला तरी फसतो, आणि कापसाच्या काट्यावर, मजुरीच्या हिशेबात आपली माणसे किती फसली, हे आपण दोघेही जाणतो.

अंगणवाडीताई (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. एक महिना झाला, म्हणून काय घडले ते कळवते.

मी चिंचोक्यांचे दुकान मांडले आणि मोठे-लहान हे शब्द बंद केले. हे दुसरे माझ्यासाठीच अवघड होते, कारण दिवसातून दहा वेळा तोंडातून "मोठं नाणं" निघत असे आणि मदतनीस ताई मला थांबवत असत. आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्यांनी तर डोळेच उघडले. दोन मुली केवळ नाण्यावरच्या आकड्याच्या वळणामुळे अडल्या होत्या. पुठ्ठा शेजारी ठेवताच त्यांनी पाच आणि एक अचूक वेगळे केले. नवीन दहाच्या नोटेवर देवनागरी आकडाही असतो, हे त्यानंतर माझ्या ध्यानात आले आणि आता तीही मी भिंतीवर दाखवते.

आजीबाईंना मी दुकानावर बसायलाच बोलावले. त्यांनी घरून एका डबीत जुनी नाणी आणली. त्यांत कंगोरेदार दहा पैसे, षटकोनी वीस पैसे आणि २०११ मध्ये चलनातून गेलेले पंचवीस पैसे होते. मला भीती होती की याने गोंधळ वाढेल, कारण आजीबाई पन्नास पैशांना आठ आणे आणि पंचवीस पैशांना पावली म्हणतात, आणि १९५७ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे असत, हे मुलांना कसे सांगावे ते मला सुचेना. त्यांनी ते सांगितलेच नाही. त्यांनी चार पावल्या ओळीत मांडल्या, त्यांपुढे एक रुपया ठेवला आणि "चार पोरी मिळून एक माय" एवढेच म्हटले. मुलांना ते इतके आवडले की आता ती पाच रुपयांच्या नाण्याला माय आणि एकच्या नाण्यांना पोरी म्हणतात.

पाचच्या नाण्याची मोड आठपैकी पाच मुलांना जमते. बोजारा बदलणारा मुलगा त्यांत आहे. परवा मी त्याला दहाच्या बदल्यात चार नाणी देऊ केली, तेव्हा त्याने नाणी पाहिली, चिंचोक्यांची टोपली मागितली, दहा चिंचोके मोजले आणि माझ्या चार नाण्यांशेजारी चार मांडून उरलेले सहा माझ्याकडे बोट दाखवून मागितले. टोपली नसती तर त्याने काय केले असते, हे मी सांगू शकत नाही. त्याच्या शेजारची मुलगी मात्र अजूनही जास्त नाणी असलेली मूठच निवडते आणि मी तिला टोकत नाही.

आता अडचण दोनच्या नाण्याची आहे. दोन, दोन आणि एक अशी नाणी मांडली की मुले "तीन" म्हणतात. याला काय करावे?

निवृत्त गुरुजी (मंगरूळपीर, जि. वाशिम)

दोनच्या नाण्यावर बोट दोनदा टेकवायला सांगा, एक-दोन, पुढच्या नाण्यावर तीन-चार, मग एकच्या नाण्यावर एकदाच पाच. २००७ च्या सुमारास निघालेले, दोन बोटे दाखवणाऱ्या हाताचे दोनचे नाणे मिळाले तर उत्तम, कारण टेकवायची बोटे त्या नाण्यावरच कोरलेली आहेत. त्याच मालिकेतील रुपयावर एक अंगठा आहे. काकूंच्या गल्ल्यात शोधले तर नक्की सापडेल. त्या मुलीला दिवाळीपर्यंत तसेच राहू द्या आणि तिला दुकानदार करा, गिऱ्हाईक नको.

किराणावाल्या काकू (साकोली तालुका, जि. भंडारा)

गल्ला उपडा करून पाहिला. दोन बोटांची सात आणि अंगठ्याची तीन नाणी निघाली आहेत. माझा भाचा पुढच्या आठवड्यात यवतमाळला जाणार आहे, ताई. कोठे पोहोचवायची ते कळवा.